विहिरीचं पान

कोल्हारच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. राहात्याच्या कोर्टात चार वर्षं वकिली केल्यावर मी पेपरात उपसंपादकाची नोकरी धरली, हे माझ्या वडलांना पटलंच नव्हतं. बॅग मात्र त्यांनीच गाडीत चढवली. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "मंगल, कोर्टात तुझं आयकायला जज तरी बसलेला आसतो. पेपरात कोन बसलंय?"

मला राग आला. मी खिडकीची काच ओढून घेतली.

पुण्यात आधी कोर्टाच्या बातम्या केल्या, कारण निकालपत्र नीट वाचता येणारी तिथे मी एकटीच होते. पुढे संपादक झाले, मग व्यवस्थापनात, काचेच्या केबिनमध्ये. टार्गेट, ब्रँड, प्रेझेंटेशन हे माझे शब्द झाले. फोनवर आई म्हणायची, "बाई, मराठीत बोल."

एक दिवस पाथर्डीकडच्या शेवंताबाईंची वही माझ्या हातात आली. आठ हंगाम ऊसतोड केलेल्या या बाईंनी स्वतःच्या हाताने सगळं लिहिलं होतं: टोळीतल्या बायकांवर हात टाकणारा मुकादम, फडातलं बाळंतपण, टोळीला विहिरीवर पाणी भरू न देणारे शेतकरी. मी ते क्रमशः छापायचं ठरवलं. पहिल्या भागाचं प्रूफ लागलं आणि पेपरच्या मालकांचा निरोप आला: साखर कारखान्यांच्या जाहिराती असतात, हे थांबवा. मी त्याच दुपारी राजीनामा दिला.

पुण्यातले मित्र म्हणाले, नगरला जाऊन पुस्तकं कोण काढतं? मी काढते. नगरच्या सावेडीत दोन खोल्या घेतल्या आणि पहिलं पुस्तक शेवंताबाईंचं काढलं. मुकादमाच्या वकिलाची नोटीस आली की पुस्तक मागे घ्या. इतक्या वर्षांनी मी पुन्हा वकिलासारखी लिहायला बसले. उत्तर दिलं, की ओळन् ओळ खरी आहे आणि शेवंताबाई स्वतः साक्षीला उभ्या राहतील. मुकादम कोर्टात गेलाच नाही.

खरी परीक्षा घरी होती. अण्णांनी पुस्तक वाचलं आणि टोळीला विहिरीवरून हाकलल्याच्या पानावर बोट ठेवून मला विचारलं, "ही आपली विहीर हाय ना?"

मी हो म्हणाले.

"तुला ठावं हुतं?"

"वही वाचली तेव्हाच कळलं."

"मग त्येवढं पान गाळायचं हुतं."

"अण्णा, मालकांनी सांगून मी थांबले नाही. तुमच्यासाठी पान गाळायचं, तर मग नोकरी कशाला सोडली?"

ते उठून मळ्यात गेले. त्यानंतर दोन महिने त्यांनी माझा फोन घेतला नाही. मग एका सकाळी त्यांचाच आला. माझी चौकशी केली नाही, की कसली प्रस्तावना केली नाही. "त्या बाईनं खरं लिवलंय," एवढं म्हणाले आणि फोन ठेवला.

भावकीतली काही घरं मला आता चहाला बोलवत नाहीत. मी तरी जाते, ओट्यावर बसते, ख्यालीखुशाली विचारते. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना वाटतं की गेलेल्यांनी गावाबद्दल गोडच बोलावं. जे मागे राहिले, त्यांना वाटतं की गेलेल्यांनी बोलूच नये. मी दोघांचंही ऐकणार नाही. गाव सोडताना मी माझा बोलण्याचा हक्क कुणाला लिहून दिला नव्हता. खरं ते तोंडावर सांगून ज्या उंबऱ्यावर मी पुन्हा जाऊन उभी राहते, त्यालाच मी घर म्हणते.