चौथीतला जादा मुक्काम

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख एक जून आहे. खरी तारीख तिच्यानंतर चांगली वर्षभराने येते. आई-वडील दोघं मार्केट यार्डात कामाला, घरी मला सांभाळायला कुणी नाही, म्हणून गुरुजींनी कागदावर मला वर्षाने मोठं केलं आणि वर्गात बसवलं. कागदावर वाढलो, अंगाने होतो तेवढाच राहिलो. खो-खोच्या संघात माझी जागा कायम राखीव, काम चपला सांभाळायचं. ते मात्र चोख केलं. एक चप्पल हरवली नाही.

पुढे कॉम्प्युटरची लाट आली आणि तिच्यावर बसून मी वारज्याच्या फ्लॅटपर्यंत पोचलो. मुलगी चौथीत होती, खो-खो खेळायची आणि वर्गात सगळ्यांत बुटकी. म्हणजे माझीच नवी आवृत्ती. अशात अमेरिकेहून परतलेल्या सहकाऱ्याने कँटीनमध्ये सांगितलं, की तिकडे काही आईबाप पोराला मुद्दाम त्याच इयत्तेत आणखी एक वर्ष बसवतात. मग ते खेळात सगळ्यांना भारी पडतं. झालं, मला साक्षात्कार झाला! रात्री जेवताना मी मुलीला चौथीतच ठेवायचा बेत जाहीर केला.

“अहो, मग तुम्हीही प्रमोशन नाकारा,” बायको म्हणाली. “पोरासोरांत उठून दिसाल.”

मुलीचा घास हातातच राहिला. “सगळ्या मैत्रिणी पाचवीत जाणार आणि मी नापास?”

“नापास नाही गं. जादा मुक्काम.”

ती ताटावरून उठून गेली. तरी मी अर्ज लिहिलाच.

शाळेत गेलो तर मैदानावर चौथी विरुद्ध पाचवी सामना रंगलेला. मुख्याध्यापिका बाईंनी तिथेच अर्ज वाचून मला परत दिला. “पास होणाऱ्या मुलीला मागे ठेवा, असा अर्ज पहिल्यांदाच बघतेय. आधी सामना बघा. मग द्या.”

तेवढ्यात मुलगी आली. तिने माझ्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, चपला काढून माझ्या हातात कोंबल्या आणि मैदानात गेली.

शेवटचं एक मिनिट उरलं. चौथीच्या बाकी सगळ्या बाद, ही एकटी उरलेली. ही वाचली तर चौथी जिंकणार, बाद झाली तर पाचवी. पाचवीच्या थोराड मुली “खो” देत एकामागून एक तिच्या अंगावर येत होत्या आणि ही बसलेल्या दोघींच्या मधून सुळकन पलीकडे. पुन्हा अलीकडे. खांबापाशी एकीने सूर मारला. हात हिच्या डोक्यावरून गेला, जेमतेम वीतभर वरून. मी तिला देऊ केलेलं वर्ष तिच्या अंगावर असतं, तर तो हात लागलाच असता.

शिट्टी वाजली. चौथीच्या पोरींनी तिला खांद्यावर घेतलं. मी दोन्ही हातांत चपला धरून ओरडत होतो, शेजारचे पालक बाजूला सरकेपर्यंत.

“आणा आता अर्ज,” बाई म्हणाल्या.

“कुठला अर्ज?”

“आणि बाहेरच्या स्पर्धांना जन्मतारीख बघतात हो, इयत्ता नाही. कुठल्या कंपनीत आहात म्हणालात?”

मी काहीच म्हणालो नव्हतो. आता तर मुळीच म्हणणार नव्हतो.

मुलगी धुळीने माखलेली, धापा टाकत आली. “बाबा, मी पाचवीत जाणार ना?”

“पळत जा,” मी म्हणालो आणि अर्जाने तिच्या चपला स्वच्छ पुसून तिच्यापुढे ठेवल्या.