दोन सेट आणि माझे कान

माझे वडील पन्नाशीनंतर हळूहळू बहिरे झाले. इतके हळूहळू, की नक्की कधी झाले हे घरात कोणालाच सांगता येत नाही. आधी आम्ही त्यांना मोठ्याने सांगायचो, मग थोडक्यात सांगायला लागलो, आणि मग सांगायचंच सोडून दिलं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरल्याचं त्यांना हातात पेढा पडल्यावर कळलं. पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "कोण पास झालं?" आम्ही हसलो, तेही हसले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन हजार साल उलटून गेलं, मीही पन्नाशीला टेकलो, आणि बायकोने एक नवीन वाक्य सुरू केलं. "अहो, टीव्हीचा आवाज कमी करा. खालच्या मजल्यावरच्यांना मालिका बघायला स्वतःचा टीव्ही लावावा लागत नाही." मुलगी पुण्याहून फोन करायची आणि "बाबा, आईला द्या" म्हणायची. आधी गप्पा मारून मग द्या म्हणायची, आता फोन उचलल्या उचलल्या.

शहाणा माणूस असता तर कानाच्या डॉक्टरकडे गेला असता. मी रेडिओ घ्यायचं ठरवलं.

याला माझ्या मते तर्क होता. नव्वदच्या दशकात मी हॅम होतो, म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, घरातल्या सेटवरून अनोळखी लोकांशी बोलणारा हौशी माणूस. गच्चीवर तार बांधलेली, टेबलावर सेट, आणि खरखरीतून एखादा बारीक आवाज वेचून काढण्यात मी पटाईत. पुढे फ्लॅटमध्ये आलो. सोसायटीच्या सेक्रेटरींना ती तार संशयास्पद वाटली, सेट विकला. परवाना मात्र नूतनीकरण करून जपला, लोक लग्नातला कोट जपतात तसा. तर तर्क असा, की खरखरीतून आवाज वेचणारा माणूस बहिरा असूच शकत नाही. सेट घ्यायचा, चार लोकांशी बोलायचं, विषय संपला.

देवळाली कॅम्पला राहणारे एक निवृत्त सुभेदार दोन सेट विकणार आहेत असं कळलं. फौजेत ते सिग्नलमध्ये होते. एका रविवारी सकाळी निघालो. बायको बरोबर आली. "तुम्ही एकटे गेलात तर दोन्ही घेऊन याल," म्हणाली.

सुभेदारांनी दोन्ही सेट टेबलावर मांडून ठेवले होते. एक त्यांच्या हातचा, पत्र्याच्या डब्यात स्वतः जुळवलेला, आतली कॉइलसुद्धा हाताने गुंडाळलेली. दुसरा जपानी, कारखान्यातला. आम्हा हौशी लोकांत हातच्या सेटला मान असतो. कारखान्यातला म्हणजे पाहुण्यांना हॉटेलातून जेवण मागवल्यासारखं. चहा यायच्या आतच मी मनात पत्र्याचा डबा घेऊन टाकला होता.

रोज सकाळी ठराविक वेळी सगळ्या भागांतले हॅम एकाच फ्रिक्वेन्सीवर जमून हजेरी देतात. त्याला आम्ही नेट म्हणतो. त्या दिवशी हजेरी घेत होते सटाण्याचे, अहिराणी बोलणारे एक कांद्याचे व्यापारी. इथे एक गोष्ट सांगायला हवी. या सेटवर समोरच्याचा आवाज डायलच्या नॉबवर अवलंबून असतो. जरा इकडे फिरवला की आवाज घोगरा होतो, जरा तिकडे फिरवला की चिरका. माणसासारखा वाटेपर्यंत फिरवत राहायचं. आणि सेट जिथे ऐकतो तिथेच बोलतो. तुम्ही त्याला चुकीचा लावलात, तर तुम्हीही त्याला चुकीचे ऐकू जाता, आणि उलट्या बाजूने. तुम्हाला तो घोगरा, तर त्याला तुम्ही चिरके.

आधी पत्र्याचा डबा लावला. मी हेडफोन नको म्हणालो, सगळ्यांना ऐकू द्या. नॉब फिरवला. व्यापाऱ्यांचा आवाज कसा गोल, खणखणीत आला. एकेक शब्द सुटा. जीव भांड्यात पडला. मी हजेरी दिली.

"स्वागत शे ताई!" पलीकडून आवाज आला.

मी जरा खाकरून पुन्हा बोललो.

"दादा शे का! माफ करा, तुमना आवाज भलता बारीक शे. बदकसारखा."

सुभेदारांनी डब्याकडे असं पाहिलं की जणू पोराने शाळेत नाव घालवलं. "ऐसा कभी हुआ नाही, साहेब."

"कॉइल गरम झाल्यावर फ्रिक्वेन्सी सरकत असेल," मी जाणकारासारखा म्हणालो. "हातच्या सेटचं असं होतं."

मग जपानी सेट लावला. नॉब फिरवला, पुन्हा तोच गोल आवाज आणला, बोललो. सटाण्याहून पुन्हा बदकच.

"हाही सरकतो," मी म्हणालो.

"साहेब, हा जपानी आहे," सुभेदार म्हणाले. "हा आपल्या दोघांच्या नंतर सरकेल."

इतका वेळ बिस्किटाशी चाळा करत बसलेली बायको म्हणाली, "अहो, पण तुम्ही त्या माणसाचा आवाज असा का केलाय? रेडा बोलतोय नुसता."

"रेडा? चांगला खणखणीत येतोय की."

"हा चांगला?" तिने सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांनी टेबलक्लॉथकडे पाहिलं. मग जन्मात कधी सेटला हात न लावलेल्या माझ्या बायकोने हात पुढे केला आणि मोठा नॉब किंचित फिरवला. "हा बघा माणूस."

"हां," सुभेदार हळूच म्हणाले. "आता माणूस."

मला माणूस कापसाच्या गादीखालून बोलल्यासारखा आला. स, श, त, क सगळे गळून गेले आणि नुसते सूर उरले. मी मान डोलावली. सुभेदारांच्या खुणेवर बोललो. पलीकडून उत्तर आलं, ते बरं असावं, दोघांच्या चेहऱ्यांवरून वाटलं.

"आवाज बरोबर आहे म्हणतात," बायकोने मला सांगितलं. मोठ्याने आणि थोडक्यात.

म्हणजे बारीक सूर माझ्या कानांपर्यंत पोचतच नव्हते, म्हणून मी समोरच्याला जाड करून ऐकत होतो. सेट दोन, दोघांत एकच बिघाड, आणि तो बिघाड माझ्याबरोबर बसने आला होता.

 मग सुभेदारांनी जपानी सेटवरच्या एका लहान नॉबवर बोट ठेवलं. "याने फक्त ऐकायचं सरकतं, साहेब. बोलायचं जागेवर राहतं." ही सोय मला ठाऊक होती. ज्यांना नॉब नीट लावता येत नाही त्यांच्यासाठी असते, असं मी पूर्वी चारचौघांत सांगायचो. मी तो फिरवला. व्यापाऱ्यांचा आवाज गोल झाला, आणि माझा त्यांना माणसासारखाच जात राहिला. मी काही म्हणायच्या आतच सुभेदारांनी आपल्या हातच्या सेटवर कापड टाकलं. "वहिनी, साहेबांना जपानीच द्या," ते म्हणाले. 

परतीच्या बसमध्ये खोकं माझ्या मांडीवर, बायको खिडकीशी. ती काहीतरी बोलली. मी वर्षभर जे करत होतो तेच केलं, तिच्या ओठांकडे बघून "हं" म्हणालो.

"मी काय म्हणाले?" तिने विचारलं.

"परत सांग."

तिने परत सांगितलं. बस चढावर होती, काही कळलं नाही. कानाशी हात नेला. तिने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं, तशी ती गप्प झाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तेव्हा मला समजलं की आमच्या घरी वडिलांच्या बाबतीत हे कसं झालं असेल. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. आवाज फार होता, लोक बघत होते आणि गोष्ट तशी किरकोळ होती. रोज एखादी किरकोळ गोष्ट.

मी तिची बाही ओढली. "अगं, सांग ना. किरकोळ असलं तरी सांग. जाड आवाजात सांग."

"इथे?"

"इथेच."

तिने पदर सावरला, घसा साफ केला आणि त्या भरल्या बसमध्ये एखाद्या पहिलवानाच्या आवाजात म्हणाली, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं का, असं विचारत होते!"

शब्दन् शब्द ऐकू आला. पुढच्या दोन्ही सीटवरचे लोक वळून बघत होते.

"जायचं," मी म्हणालो. बहुधा फार मोठ्याने म्हणालो, कारण आता मागचेही बघायला लागले.