कायमचा पत्ता

मी तशी भांडखोर बाई. भोपाळच्या बिट्टन मार्केटात भाजीवाल्याने एक सडका टोमॅटो टाकला तरी अख्खी पिशवी उलटी करते. पण शाळेत ती नोटीस हातात पडली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बावीस वर्षांपूर्वी इथल्या रहिवाशांसाठी राखलेल्या जागेवर मी शिक्षिका म्हणून लागले. आता जुने अर्ज तपासताना कुणाला तरी दिसलं की माझा कायमचा पत्ता वर्ध्याजवळच्या एका गावाचा आहे. नेमणूक पहिल्या दिवसापासून रद्द का करू नये, याचं उत्तर मागितलं होतं.

जन्म माझा भोपाळचा. राज्याची राजधानी भोपाळ झाली तेव्हा आजोबा सरकारी दफ्तराबरोबर नागपूरहून आले ते इथलेच झाले. पण आमच्या मराठी लोकांची एक खोड आहे. तीन पिढ्या इथलं पाणी पितील, पण कायमचा पत्ता विचारला की गावचा सांगतील, जिथे आता आमचं एक कौलसुद्धा नाही. अर्ज भरताना बाबा शेजारी बसले होते. ‘भोपाळ काय लिहितेस? इथे आपण नोकरीपुरते,’ म्हणाले. मी मुकाट लिहिलं. एरवी कुणाचं ऐकत नाही, नेमकं तेव्हा ऐकलं.

वकिलांनी कागद चाळले. ‘मॅडम, आज से रद्द हो तो एक्स नंक. पहले दिन से हो तो एक्स टंक.’ लॅटिन आहे म्हणे. पहिल्यात आजवरचं सगळं राहतं, नोकरी फक्त इथून पुढे जाते. दुसऱ्यात मी कधी शिक्षिका नव्हतेच, असं धरतात.

‘आणि माझ्याकडे पहिलीत वाचायला शिकलेली पोरं?’

‘उनका कुछ नहीं होगा. सवाल आपका है.’

जन्मदाखला लावू, म्हणाले, पण अर्जावर सही तुमचीच आहे.

मी घाबरले आहे. हजेरी घेताना एकच नाव दोनदा पुकारते. नोकरी गेली तर शिकवण्या घेईन, पापड लाटीन, त्याचं एवढं नाही. पण बावीस वर्षं रोज जिथे गेले, तिथे मी नव्हतेच असं कुणी लिहून देणार, हे सहन होत नाही.

सुनावणी सोमवारी आहे. बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत, त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.

काल लेक कॉलेजचा फॉर्म भरत होती. ‘आई, परमनंट ॲड्रेस क्या डालूँ?’ मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं, बाग सेवनिया, भोपाळ.

खुर्चीतून बाबांनी मान वर केली. ‘गावचाच लिहिलास ना गं?’

‘हो बाबा,’ मी म्हणाले आणि फॉर्म पालथा ठेवला. ते समाधानाने हसले.