फोनवर उमटलेले नाव

बरेचसे गुन्हे फाईल बंद झाली की माझ्या डोक्यातून निघून गेले. हे प्रकरण मात्र अजून गेलेले नाही. खरे तर याची फाईलसुद्धा झाली नाही. स्टेशन डायरीतल्या काही ओळी, एवढेच त्याचे कागदोपत्री अस्तित्व. निवृत्तीच्या आधी मी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो, तेव्हाची ही गोष्ट. यात मी कोणाचेही नाव किंवा गाव सांगणार नाही. एका बाईच्या नावाने जेवढे सोसायचे तेवढे सोसून झालेले आहे.

पर्यटकांचा हंगाम होता. गाड्यांची कोंडी, दारू पिऊन समुद्रात उतरणारे, हरवलेली पाकिटे यातच ठाण्याचा दिवस जायचा. अशा एका सकाळी ग्रामीण रुग्णालयातून ठाणे अंमलदाराला खबर आली. डोक्याला जखम झालेली एक बाई दाखल आहे, पडल्याचे सांगते, पण डॉक्टरांना ती जखम पडल्याची वाटत नाही. अशी खबर आली की जबाब घ्यावाच लागतो. महिला हवालदाराला बरोबर घेऊन मी गेलो.

बाई पन्नाशीची, शेतकरी घरातली. डोक्याला टाके पडलेले. शेजारी नवरा बसला होता. विचारल्यावर ती म्हणाली, "मी खळ्यात पाय घसरून पडले. माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही."

मी याच जिल्ह्यातला. आमच्याकडचा माणूस पोलिसापुढे छापील मराठी बोलायला लागला की समजावे, तो शब्द निवडून बोलतो आहे. दुखण्याने कळवळणारी बाई 'काहीही तक्रार नाही' असे म्हणत नसते. पण जबाब तिचा होता. तो लिहून घेतला, सही घेतली आणि निघालो.

संध्याकाळी बीट अंमलदार आला. गावच्या पोलीस पाटलाने त्याच्या कानावर घातले होते की भांडण दोन जावांचे झाले. धाकटीने थोरलीच्या डोक्यात आमटी वाढायचा पितळी डाव घातला. आणि भांडण कशावरून, हे गावात कोणी सांगायला तयार नाही.

ही धाकटी जाऊ विधवा. दीर-जावेच्या घराला लागूनच तिची दोन खोल्यांची जागा होती. हाताला चव होती, म्हणून तिने पर्यटकांना जेवण करून द्यायला सुरुवात केली. आसपासच्या घरगुती लॉजवाल्यांचे फोन यायचे, इतकी माणसे, इतकी सुरमई, इतक्या सोलकढ्या, आणि ही डबे पोचवायची. मूलबाळ नव्हते. ही खानावळ हाच तिचा संसार होता.

हवालदार बाई आणि मी तिच्याकडे गेलो तेव्हा चूल थंड होती. भर हंगामात. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मीच मारलंय तिका. चला, खंय येऊचा?"

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, आणि जखमी बाई तर पडले म्हणते. मी विचारले, "कशाक मारलंस?" तिने मान फिरवली. मी बाहेर अंगणात जाऊन थांबलो आणि हवालदार बाईंना आत बसू दिले. चौकशीत कधी कधी अधिकाऱ्याने बाहेर जाणे हेच कामाचे असते.

बऱ्याच वेळाने हवालदार बाई बाहेर आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, तिला एचआयव्ही आहे. बरीच वर्षं. गोळ्या नियमित घेते, तब्येत ठीक आहे. हे फक्त थोरलीला माहीत होतं. आता सगळ्यांना कळलंय. लॉजवाले फोन उचलत नाहीत. दुकानदार पैसेसुद्धा हातात घेत नाही, फळीवर ठेव म्हणतो."

तिला तो आजार कसा झाला हे मी विचारले नाही. त्याचा गुन्ह्याशी संबंध नव्हता. जेवणातून तो पसरत नाही हेही मला ठाऊक होते. पण गावाला ते कोण समजावणार?

दुसऱ्या दिवशी पुन्हा रुग्णालयात गेलो. थोरलीच्या नवऱ्याला औषधाच्या निमित्ताने बाहेर पाठवले आणि मालवणीतच बोललो. "माका सगळा कळला हा. तिच्या दुखण्याचा."

तिने आधी दाराकडे पाहिले. नवरा लांब गेल्याची खात्री केली. मग तिचे डोळे भरले.

"मी सांगूक नाय, साहेब. रवळनाथाची शपथ. घोवाक पण कधी सांगूक नाय. तिच्या गोळये संपल्ये की मी तिच्याबरोबर जातंय. घरात सांगतंय, बाजाराक चललंय."

"मगे मार खाऊन गप कशाक बसलंस?"

"मारल्यान म्हणान सांगलंय आसता तर तुमी इचारला आसतास, कशाक मारल्यान? मगे मी काय सांगू?"

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खोटे जबाब पुष्कळ ऐकले. स्वतःचे डोके फुटलेले असताना, फोडणारीचे गुपित राखण्यासाठी दिलेला तो एकच.

मग सांगितले कोणी? मी अफवेचा माग उलटा काढायला घेतला. आजाराची बातमी फोडल्याची रीतसर तक्रार कोणी दिली नव्हती. पण एक बाई विनाकारण मार खाते आणि दुसरीची रोजीरोटी जाते, तेव्हा नुसते बसवत नाही. एका लॉजवाल्याने दुसऱ्याचे नाव घेतले, दुसऱ्याने मच्छी विकणारीचे, तिने तिसऱ्या लॉजवाल्याचे. तिथे माग संपला. तो तिसरा माणूस म्हणाला, "माका कोणी सांगूक नाय, साहेब. माझ्या फोनार इला."

त्याने फोन काढून दाखवला. अनोळखी नंबर आला तर कोणाचा आहे ते सांगणारे एक ॲप त्याच्याकडे होते. धाकटीचे जुने सिम बंद पडल्यामुळे तिने नवा नंबर घेतला होता आणि त्यावरून त्याला 'उद्या किती डबे?' विचारायला फोन केला. स्क्रीनवर तिचे नाव, आडनाव आणि पुढे तीन अक्षरे आली. एआरटी. त्याने ती अक्षरे फोनवरच शोधली. एचआयव्हीच्या औषधोपचाराला तसे म्हणतात, हे कळले. मग शेजारच्या लॉजवाल्याला म्हणाला, तू पण बघ. त्याच्याही फोनवर तेच आले.

"वाईट मनान नाय केलंय," तो म्हणत राहिला. त्याचेही खोटे नव्हते. पण दुसऱ्याला दाखवायची गरज नव्हती, हे त्याला मी बोललो.

नाव त्या ॲपकडे गेले कुठून? आमच्या सायबर शाखेतल्या अधिकाऱ्याने समजावले की अशी काही ॲप्स वापरणाऱ्याच्या फोनमधली नावे आणि नंबर उचलतात. ज्या नावाने कोणी तुमचा नंबर साठवला असेल, ते नाव मग साऱ्या जगाला दिसू शकते. नवा नंबर धाकटीने सर्वांत आधी एकाच ठिकाणी कळवला होता, गोळ्या मिळतात त्या केंद्रावर.

केंद्रातल्या समुपदेशक बाई चाळिशीच्या आत-बाहेरच्या. रुग्ण त्यांना ताई म्हणायचे. मी साध्या वेषात गेलो. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि स्वतःचा फोन हातात घेतला. तो त्यांचा खाजगी फोन होता. केंद्राची वेळ संपल्यावर रुग्णांनी कोणाला विचारायचे, म्हणून त्या आपला नंबर देत. रविवारी फोन आला तरी तो रुग्णाचा आहे हे ओळखून उचलता यावा म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे ती तीन अक्षरे लिहून ठेवीत.

"फसवे फोन फार यायचे," त्या म्हणाल्या. "कोणीतरी सांगितलं हे ॲप घ्या. घेतल्यावर स्क्रीनवर आलं, कॉन्टॅक्ट बघण्याची परवानगी द्या. मी दिली. सगळेच देतात ना, साहेब?"

त्या बोटाने नावे सरकवत होत्या. एकाएकी हात थांबला.

"म्हणजे ती एकटीच नाही," त्या म्हणाल्या. "ही सगळीच नावं…"

मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर भीती दिसते. या बाईंच्या चेहऱ्यावर जे होते त्याला आमच्या भाषेत शब्द नाही.

सायबर शाखेने ॲपच्या कंपनीला कळवले. ती नावे काढली गेली. पण ज्यांनी पाहिली होती त्यांच्या डोक्यातून ती कोण काढणार? रुग्णाची ओळख गुप्त ठेवण्याबद्दल कायदा आहे, त्यामुळे मला वरिष्ठांना अहवाल द्यावा लागला. जे घडले तेवढेच लिहिले. ताईंनी रविवारीसुद्धा फोन घेतले, हेही लिहिले. तरी त्यांना केंद्रावरून हलवले. रुग्णांचे एक हक्काचे माणूस गेले.

मी स्वतः धाकटीला खरा प्रकार सांगितला. त्याच दुपारी ती थोरलीच्या पाया पडायला गेली. थोरली तोवर घरी आली होती, खाटेवर पडून होती. तिने धाकटीला उठवले, डोक्यावरून हात फिरवला.

"वयनी, माका मार. तूपण मार," धाकटी रडत म्हणाली.

"मारूचा कशाक गो? डोक्याचा बरा जायत." आणि मग थोडे थांबून, "पण तुका वाटला तरी कसा, मी सांगतलंय म्हणान?"

दोघींचे बोलणे पुढे वाढले नाही. थोरलीच्या नवऱ्याला गावातूनच कळले होते. त्याने बायकोला घराबाहेर काढले नाही, पण 'माझ्यापासून लपवलंस' हे वाक्य तिला रोज ऐकावे लागत होते. पावसाळ्याआधी धाकटीने दोन खोल्यांना कुलूप लावले आणि घाटाच्या बाजूला एका ठिकाणी स्वयंपाकाचे काम धरले. तिथे तिने पुन्हा नवा नंबर घेतला आणि इकडच्या माणसांत तो फक्त मला कळवला.

तक्रार नव्हती, फिर्यादी नव्हता. पडल्याचा जबाब तसाच राहिला. डायरीत नोंद करून मी प्रकरण संपवले. कोणी कोणाचे वाईट चिंतले नव्हते, तरी तिघींची आयुष्ये विस्कटली. चोराला पकडून मुद्देमाल परत देता येतो. इथे परत देण्यासारखे काही हाती लागलेच नाही. तेव्हापासून मला एक कळले आहे. आपल्या फोनमधले नंबर आपले नसतात. ते विश्वासाने ठेवायला दिलेले असतात. 'परवानगी द्या'वर बोट ठेवताना आपण आपली परवानगी देतो असे वाटते. खरे तर ती दुसऱ्यांची असते, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावावरून जात होतो. थोरलीने रस्त्यात हाक मारली. केसांत टाक्यांची खूण दिसत होती.

"साहेब, तिचो नंबर तुमच्याकडे आसतलो. माका देतलात? तिना कोणाकच देऊक नाय. गोळये घेता मां ती वेळेर, तेवढाच इचारूचा हा."

नंबर माझ्याकडे होता. काळजी करणारी समोर उभी होती. तरी मी म्हणालो, "थांब, आधी तिका इचारतंय." थोडा बाजूला जाऊन फोन लावला. थोरली नंबर मागते आहे, देऊ का, असे विचारले.

पलीकडे मागे भांड्यांचे आवाज येत होते.

"आता नको, साहेब," ती म्हणाली. "गोळये घेतंय म्हणान सांगा. खराच घेतंय. कधीतरी मीच करीन तिका फोन."

मी थोरलीला तसेच सांगितले. तिने मान हलवली. वाईट वाटले ते लपले नाही.

"बरा केलात," ती म्हणाली. "इचारलात ता बरा केलात."