दोन नंबरच्या खोलीतला खार

भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांना पांढऱ्या साडीतली बाई दिसते, वाचणाऱ्यांना मग झोप येत नाही, आणि दोघांनाही घरात पुरेसं काम नसतं — असं माझं मत होतं. अजूनही बरंचसं आहे. माझं वय सत्तेचाळीस. अंगारा, ताईत, उतारा यांतलं मी आजवर काही केलेलं नाही, आणि पुढचं वाचून कोणी मला सुचवूही नये.

शहागडला गोदावरीच्या काठी आमच्या सेठजींचं गेस्टहाऊस आहे. माझे यजमान सेठजींच्या जिनिंगचे मॅनेजर, आणि गेस्टहाऊसच्या किल्ल्या माझ्या कमरेला. तीन खोल्या, नदीकडे व्हरांडा, मागे स्वयंपाकघर. हंगामात मुंबईचे कापूसवाले उतरतात, एरवी दौऱ्यावरचे सरकारी अंमलदार. चादरी, अभ्रे, पडदे, कपबशा — सगळ्याची यादी असते आणि ती बरोबर असते.

तीन वर्षांमागे सेठजी मुंबईकडे गेले होते. तिकडे समुद्राच्या वाळूवरच उभं असलेलं एक जुनं साहेबी हॉटेल बंद पडून सामानाचा लिलाव चालला होता. राजेरजवाडे उतरत असत म्हणे. सेठजींनी एका अख्ख्या खोलीचं सामान उचललं — पलंग, कपाट, उभा आरसा, दोन वेताच्या खुर्च्या. जालन्यापर्यंत रेल्वेने, पुढे बैलगाड्यांनी. आमच्या दोन नंबरच्या खोलीत ते सगळं लागलं. "समुद्र तेवढा आणायचा राहिला," असं सेठजी येईल त्याला सांगत, आणि येईल त्याला हसावं लागे.

त्याच हंगामात तक्रारी सुरू झाल्या.

पहिला एक कापसाचा दलाल. भर दुपारी तो व्हरांड्यात आला तो धोतर गुडघ्यावर धरून, जोडे हातात घेऊन. खोलीत पाणी शिरलंय म्हणाला. मी जाऊन पाहिलं, तर फरशी कोरडी ठणठणीत. जेवणाबरोबर यांनी काय घेतलं होतं, एवढं खानसाम्याला विचारून मी विषय संपवला.

मग एका अंमलदाराची बायको. तिला दुपारभर समुद्र ऐकू आला. समुद्र कधी पाहिलाय का, असं मी विचारलं. नव्हता पाहिला. मग हा समुद्रच कशावरून? तर म्हणे, दुसरं काय असणार? अशा बुद्धीपुढे काय बोलायचं... व्हरांड्यापुढच्या चिंचेत वारा शिरला की असाच आवाज होतो, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही.

तिसरे एक औरंगाबादचे डॉक्टर, चष्मेवाले. त्यांना खारवलेल्या मासळीचा वास आला आणि अंथरुणात वाळू सापडली. घाटावर मासे धरतात, आणि गोदेला वाळू आहे हे पहिलीतल्या पोराला ठाऊक असतं. पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं — चादर ओलसर आहे आणि खारट लागते. शिकलेला माणूस चादर चाटून पाहतो, तेव्हा त्याच्या रोग्यांचं काय होत असेल कोण जाणे. ते गेल्यावर मी एक कोपरा जिभेला लावला. खारट होता.

याचं उत्तर मला जागच्या जागी मिळालं. परीट कपडे मळ सुटायला खारात भिजवतात. मग ते खळबळून काढले नाहीत तर खार सुतात राहतो आणि हवेतली ओल धरतो. म्हणजे दोष सोनाबाईचा. सोनाबाई आमची परटीण, विधवा, एक लग्नाची मुलगी पदरात. गेस्टहाऊसचे आणि गावातल्या पंचवीस-तीस घरांचे कपडे तिच्याकडे.

मी सकाळीच घाटावर गेले आणि चार बायांदेखत तिला सांगितलं, की तुझं काम आळशाचं आहे, उद्यापासून कपडे मिळणार नाहीत.

तिने हातातलं लुगडं दगडावर ठेवलं. "बाई, एक नंबरचे अन् तीन नंबरचे बी म्याच धुऊन राह्यले. एकाच पाण्यात, एकाच खारात. ते कामून खारट न्हाईत?"

प्रश्न बिनतोड होता. मी तिला उलट बोलू नकोस म्हटलं आणि निघून आले.

पुढचं मला खानसाम्याकडून कळलं. मोठ्या घरानं कपडे काढून घेतले म्हटल्यावर गावानेही एकेक गाठोडं काढून घेतलं. सुगीला तिच्या सुपात बलुत्याचं धान्य टाकताना लोकांचे हात आखडले. मुलीला पाहून गेलेल्यांनी निरोप पाठवला, की सध्या थांबू. जिची आई धुणं धड धूत नाही तिच्याशी कसलं लग्न, असं कोणीतरी त्यांच्या कानी घातलं होतं. ते 'कोणीतरी' घाटावरचंच असणार, आणि घाटावर ते बोललं होतं कोण?

एव्हाना मी घनसावंगीचा परीट लावला होता. दोन नंबरची चादर खारट ती खारटच.

तेव्हा मी स्वतः बसले. पेटीतल्या ठाणातून कोरी मांजरपाटाची चादर फाडली, विहिरीच्या पाण्यात माझ्या हाताने धुतली, खार नाही की साबण नाही. कडक उन्हात वाळवली. बरोबर बाराला दोन नंबरच्या पलंगावर अंथरली, चारही बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबती सोडली. खिडकी आतून लावली, दाराला कुलूप घातलं, आणि दारासमोरच खुर्ची टाकून अभ्रे शिवत बसले. डोळा लागला नाही. मला दुपारी झोपायची सवय नाही.

तीनला उघडलं. फरशी कोरडी होती, हात फिरवून पाहिला. पण लोंबणारी चादर खालून वीतभर भिजलेली होती, चारही बाजूंना एकाच उंचीवर, पट्टीने रेघ ओढावी तशी. पलंगाच्या पायांवर तीच रेघ. कपाटावर, आरशाच्या लाकडावर, दोन्ही खुर्च्यांवरही तीच. खिडकीचा पडदा मात्र आमचा, जालन्याहून आणलेला. तोही जमिनीला टेकतो, पण त्या सामानाला कुठे लागत नाही. तो कोरडा होता. मी चादरीचं टोक पिळलं. थेंब पडले, आणि ते खारट होते.

मी ओरडले वगैरे नाही. दार लावलं आणि तशीच सोनाबाईच्या घरी गेले. झालं ते सांगितलं, तुझा दोष नव्हता म्हटलं. ती जोंधळे निवडत होती. हात थांबला नाही तिचा.

"मला एकलीला सांगून काय व्हतंय, बाई? त्या दिशी तर समद्याइच्या देखत बोल्ल्या व्हत्या."

रात्री, घाटावर जाऊन सांगू का, असं यजमानांना विचारलं, तर ते म्हणाले, धान्य जास्तीचं पाठवून दे, पण घाटावर जाऊ नकोस; लोक हसतील. लोक हसतील हे मला त्यांच्याआधी समजलं होतं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायांना मी ज्या घाटावर वेड्यात काढलं, तिथेच हे सांगायचं होतं.

सकाळी गेले. त्याच बाया होत्या, दोन जास्तच. मी म्हटलं, सोनाबाईच्या धुण्यात खोट नव्हती, चादर मी स्वतः धुऊन पाहिली आहे, चूक माझी.

एकीने पदराआडून विचारलं, "मंग खारट कशानं व्हती?"

उत्तरं देण्यात माझं आयुष्य गेलं. तिथे सगळ्या थांबल्या होत्या, सोनाबाईसुद्धा.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"घ्या. बाईला बी माहीत न्हाई म्हणं आज," दुसरी म्हणाली, आणि हसल्या सगळ्या. सोनाबाई हसली नाही. तिने आपलं लुगडं पिळलं, झटकलं, आणि म्हणाली, "कपडे जल्दी धाडा, ऊन हाय तोवर. अन् दोन नंबरचं गाठोडं अलग बांधा."

गावाची गाठोडी परतायला महिना लागला. मुलीचं पुढच्या वैशाखात झालं, शेजारच्याच गावी.

मधल्या काळात मी एका ओव्हरसियरला ती खोली दाखवली, एका मास्तरांना विचारलं. ओव्हरसियर जमिनीतली ओल म्हणाले. जमिनीतली ओल पडदा सोडून पलंग कशी धरते, हे विचारल्यावर त्यांना अचानक दुसरं काम आठवलं. मास्तर अतृप्त आत्मा म्हणाले. त्यांना मी चहासुद्धा दिला नाही. मुंबईत त्या हॉटेलाबद्दल चौकशी करवली. तिथे कोणी बुडालं, कोणी मेलं, असं काही निघालं नाही. चांगलं चाललेलं हॉटेल होतं, नंतर चालेनासं झालं, एवढंच.

सेठजी सामान विकत नाहीत. दोन नंबरमध्ये पाहुणे अजून उतरतात, तक्रार करतात, आणि मी ती ऐकून घेते. पूर्वी मी त्यांना उत्तर देत असे.