मरियमबाईच्या ठाण्याचं तिसरं दार

देवावर माझा राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. मी धंद्यानं गवंडी. देवळं बांधायची, कळस सरळ आहे ना ते पाहायचं आणि घरी यायचं. हात जोडायची सवय कधी लागलीच नाही. त्यात लागोपाठ दोन बाळं गेली. तिसऱ्या खेपेला बायकोनं नवस केला, मरियमबाईचं दर्शन घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढणार नाही. मी चिडलो. "दवाखाना तुमसरले, बाई चिखल्यात. आधी लेकराचं पाह्य!" ती शांतपणे म्हणाली, "लेकराचं पाहूनच तर बोलून राहिली."

ही बाई म्हणजे येशूची आई. चिखल्याच्या खाणीत उतरणारे ख्रिस्ती मजूर तिला मरियामाता म्हणत, मुसलमान मजूर बीबी मरियम. तिचं ठाणं म्हणजे प्रार्थनेची एकच खोली, आत मूर्ती नव्हती. सगळ्यात जुनी मागची भिंत, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दगडांची, आणि तिच्यातला दिव्याचा कोनाडा. पुढे ख्रिस्त्यांनी पश्चिमेला टोकदार कमानीचं दार काढलं, मुसलमानांनी पूर्वेला गोल कमानीचं, आणि वर चुन्याचा घुमट चढवला. भांडण म्हणाल तर कधीच नव्हतं. अडचण उलटीच होती: एकमेकांना मान देण्यात कोणी मागे हटेना.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. बायकोचे दिवस भरत आले असतानाच ठाण्याच्या डागडुजीचं काम मला आणि माझा साळा गुलाब याला मिळालं. ख्रिस्त्यांतले वडीलधारे जोसेफकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमचं दार बुजवून टाक. आम्ही त्यांच्याच दारानं जाऊ, त्यायले बरं वाटंल. पण कोणाले सांगू नको." तिकडे मुसलमानांतले वडीलधारे रहीमचाचा यांनी आपल्या दाराबद्दल नेमकं हेच गुलाबला सांगितलं. आम्ही दोघांनीही शब्द पाळला, आमच्या घरात हे नवलच. मी पश्चिमेच्या दाराला आतून विटा लावल्या, त्यानं पूर्वेच्या दाराला बाहेरून. त्याच्या थापीचा आवाज येत होता, मला वाटलं गिलावा करतोय. शेवटची वीट बसवून वळलो तर बाहेर पडायला दारच उरलं नव्हतं. कोनाड्यात दिवा तेवढा जळत होता.

तेवढ्यात मागच्या रस्त्यावर खाणीचा ट्रक थांबला आणि बायकोचं कण्हणं ऐकू आलं. कळा सुरू झाल्या होत्या, आणि दर्शनाशिवाय ती ट्रक हलू देईना. मी पूर्वेच्या ओल्या विटांना खांदा दिला. बाहेरून रहीमचाचांनी पाठ लावली. "ये मत तोड भाई, हे आम्ही त्यांच्यासाठी बंद केलं! त्यांचं खोल." पश्चिमेला धावलो, तिथं जोसेफकाका. "आमचं नाही, त्यायचं खोल!" मी ओरडलो, "अहो, मले लेकरू होऊन राहिलं जी!" बाहेर मात्र "आधी तुमचं", "नाही, आधी तुमचं" पुन्हा सुरू झालं.

आणखी एक लेकरू जाणार, या भीतीनं मी कोनाड्याखाली बसलो आणि हात जोडले. "माय, तुझ्याच घरात अडकलो. आता तूच पाह्य." डोकं टेकलं तर कोनाड्याखालचा दगड हलला. मग दुसरा हलला. मी ढकलत गेलो आणि रांगत, डोक्यावर माती घेऊन रस्त्यावर निघालो. ट्रकवरून बायकोनं आधी माझं डोकं पाहिलं आणि माझ्यामागे, भोकातून, दिव्याचा उजेड. तिनं कळेतच हात जोडले. "झालं दर्शन. चला आता."

तुमसरला मुलगी झाली, जिवंत, आणि अख्खा दवाखाना डोक्यावर घेणारी. मी याला चमत्कार म्हणत नाही. जुना गारा होता, सुटला असेल. पण इतकी वर्षं काय तो त्याच घडीला सुटायचा राहिला होता? त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. आपल्या हातानं सगळी दारं बुजवून बसल्यावरच मला मागणं सुचलं.

बुजवलेली दारं पुन्हा कोणी उघडली नाहीत, मानाचा प्रश्न होता. मी पाडलेल्या भोकालाच चौकट बसवली. ते इतकं ठेंगणं आहे की जोसेफकाका, रहीमचाचा, खाणीचे साहेब, सगळ्यांना वाकूनच शिरावं लागतं. माझी पोरगी आता शाळेत जाते. ती तेवढी ताठ मानेनं आत जाते, आणि वळून मला म्हणते, "बाबा, अजून वाका, लागंल." मी वाकतो.