सिमेंटचं पक्कं काम

ये वं मीनल, अशी जवळ बस. आणि काय वं, तूही लोकांसारखीच म्हणून राहिली, मावशीनं नाट्यगृह पाडलं म्हणून? आधी मला विचारायचं तरी!

सदर भागातल्या त्या जुन्या थिएटरचं रिस्टोरेशन इंजिनीअर म्हणून माझ्याकडं होतं. वर सागवानी तुळया, खाली लाकडी स्टेज. माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायचा. तरुणपणी तिथं नायिकेच्या भूमिका गाजवलेल्या कुसुमताई रोज साइटवर येऊन बसत. ऐंशी उलटलेली. एकच हट्ट, "उद्घाटनाले मले दोन वाक्यं बोलू दे वं. बिनमाइकची."

मी हो म्हटलं.

मग तुळया तपासायला प्लास्टर फोडलं. तुळईचं टोक भिंतीत टेकतं, त्याला आम्ही बेअरिंग म्हणतो. जुने गवंडी तिथं लाकडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडत, हवा खेळावी म्हणून. इथं ती सिमेंटनं गच्च भरलेली. ओल आत कोंडली, लाकूड कुजलं. माझा स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. सगळ्या तुळया तशाच. भार सरकून भिंतीही बाहेर झुकलेल्या.

"म्याडम, टेकू देऊन नाही भागणार?" ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले.

"कोणाच्या डोक्यावर पडू द्यायचं, ते सांगा."

मी रिपोर्टवर सही केली. पाडा.

कुसुमताईंना गेटवरच थांबवलं.

"जाऊ दे वं. स्टेजवर उभी राहते न् येते."

"नाही ताई."

"तू तं हो म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

गेट धरून त्या म्हणाल्या, "मागं छत गळून राहिलं होतं, तवा आम्ही गावोगावी बिदागी न घेता प्रयोग केले. त्यातून सिमेंटचं पक्कं काम करून घेतलं. म्हणून तरी इतकी वर्षं टिकलं, नाही?"

मी ऑटोला हात केला.

"हो ताई. म्हणूनच टिकलं."

खूश झाल्या बिचाऱ्या. ऑटोत बसताना मलाच म्हणाल्या, "काहून रडून राहिली? नवीन बांधशीन ना."

बांधलं. एसी आहे, माइकही भारी आहे. उद्घाटनापर्यंत कुसुमताई राहिल्या नाहीत.

शिकायचं एवढंच. जुन्या लाकडाभोवती बोटभर जागा सोडा, उरलेलं सिमेंट घरी न्या.

निघालीस? जावयालाही आण पुढच्या खेपेला. तुमचं बेसा इथून काही दूर नाही, अन् मीही काही नवं बांधकाम नाही. लवकर ये वं.